दोन यंत्रमागवाल्यांची एक गाडी: हायरायडर हायब्रिड, दसऱ्यापासून पावसाळ्यापर्यंत

गाडी दसऱ्याला घरी आली. त्यानंतर कापसाचा हंगाम, लग्नसराई, आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि भुसावळ-रावेर पट्ट्यातला मे महिना तिने पाहून घेतला, म्हणून आता लिहायला बसलो. ऑक्टोबरात घेतलेल्या गाडीबद्दल नोव्हेंबरात मत द्यायला आमच्याकडे काही अर्थ नसतो. पारा ४५ च्या वर गेला की गाडीचे खरे गुण कळतात, आणि मालकाचेही.

गाडी आहे टोयोटा अर्बन क्रूझर हायरायडर, स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्हींवर चालणारी. माझं धरणगावला कृषी केंद्र आहे. जळगाव, अमळनेर, चोपडा ही नेहमीची ये-जा, शेतकऱ्यांच्या बांधापर्यंत कच्चे रस्ते आणि अधूनमधून छत्रपती संभाजीनगर किंवा नाशिक. म्हणजे वापर सगळा मिसळीचा.

आधी टोयोटाच का, ते सांगतो. खान्देशात ही कंपनी जाहिरातीमुळे रुजली नाही, क्वालिसमुळे रुजली. जानेवारी २००० मध्ये क्वालिस आली तेव्हा शहरातल्या लोकांनी तिला नावं ठेवली. इंडोनेशियात 'किजांग' नावाने चालणारी जुनीच गाडी, डबा, दिसायला ना धड जीप ना धड मोटार. आमच्या ड्रायव्हर मंडळींना दिसण्याशी काय देणं-घेणं! वऱ्हाड भरा, वणीला गडावर न्या, शिर्डी करून परत आणा, ऑइल बदला, पुन्हा जुंपा. २००५ मध्ये कंपनीने चालती क्वालिस बंद करून इन्होव्हा आणली, तेव्हा हळहळणारे ड्रायव्हर मला आठवतात. पुढे इन्होव्हाने त्यांनाही गप्प केलं. आजही आमच्याकडे जुनी गाडी विकायला काढली आणि ती टोयोटा असली, तर घेणारा बॉनेट उघडायच्या आधी किमतीवर येतो. माझ्या निर्णयातला अर्धा भाग हाच होता.

उरलेला अर्धा माझ्या आजोबांमुळे. ते अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये साचेखात्यात होते, साचा म्हणजे कापड विणणारा माग. धागा तुटला आणि कामगाराचं लक्ष नसलं तर साचा तसाच धडधडत राहतो आणि हातभर कापड वाया जातं, मग मुकादमाची बोलणी खावी लागतात, हे त्यांच्या तोंडून लहानपणी पुष्कळ ऐकलं. टोयोटाची सुरुवात नेमकी इथूनच झाली हे नंतर वाचलं तेव्हा मजा वाटली. साकिची टोयोदा हा १८६७ साली जन्मलेला सुताराचा मुलगा. त्याने आयुष्यभर मागच सुधारले. १९२४ साली त्याचा 'जी टाइप' स्वयंचलित माग तयार झाला. तो न थांबता धोटा (आडवा धागा नेणारा) बदलायचा आणि धागा तुटला की आपला आपण थांबायचा. त्यामुळे एकाच कामगाराला पुष्कळ माग सांभाळता येऊ लागले. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. ही तीच प्लॅट कंपनी, जिची यंत्रं भारतातल्या गिरण्यांतही असायची. साकिचीचा मुलगा किइचिरो याने १९३३ मध्ये मागाच्या कारखान्यातच मोटारीचा विभाग काढला, १९३६ मध्ये पहिली मोटार बाजारात आली आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी वेगळी झाली.

भारतातही या कंपनीची गाठ पुन्हा पुन्हा कापडाशीच पडत गेली. १९८० च्या दशकात तिचा इथला पहिला भागीदार होता डीसीएम, म्हणजे दिल्ली क्लॉथ मिल्सवाले. त्यांच्यासोबत तिने छोटे ट्रक काढले. ते फार चालले नाहीत आणि तो कारखाना पुढे देवू या कोरियन कंपनीकडे गेला. मग किर्लोस्कर आले. १९९५ मध्ये टोयोटा गटाने किर्लोस्करांबरोबर आधी सूतगिरणीची यंत्रं बनवणारी कंपनी काढली आणि मोटारीची कंपनी त्यानंतर, १९९७ मध्ये. किर्लोस्कर म्हटलं की मराठी शेतकऱ्याला वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. लक्ष्मणरावांचा लोखंडी नांगर आला तेव्हा 'लोखंडाने जमीन नासते' म्हणून शेतकरी हात लावत नव्हते, आणि त्याच नावाची इंजिनं पुढे आमच्या विहिरींवर वर्षानुवर्षं धकधकत राहिली. हायब्रिडकडे आमच्या गावात आज ज्या नजरेने बघतात, ती नजर त्या नांगराने ओळखली असती.

कारण लोकांचा पहिला प्रश्न असतो, "चार्जिंगला कुठे लावता?" दुसरा, "लोडशेडिंगमध्ये काय करता?" कुठेच लावत नाही. पेट्रोल भरायचं आणि चालवायची. ०.७६ किलोवॅट-तासाची एवढीशी बॅटरी आहे, ती इंजिनावर आणि ब्रेक लावताना वाया जाणाऱ्या जोरावर भरते. निव्वळ बॅटरीवर लांब जाता येत नाही, थोडं अंतर गेलं की इंजिन उठतंच. पण सुरुवातीची ओढ, गल्लीबोळ, सिग्नलवरची रखडपट्टी ही कामं मोटर करते आणि तेवढा वेळ इंजिन झोपलेलं असतं. जळगावात अजिंठा चौफुलीपासून आकाशवाणी चौकापर्यंत गर्दीतून जाताना बराच वेळ पेट्रोलचा थेंब जळत नाही. पहिल्यांदा शेजारी बसलेल्या आमच्या आप्पांनी दोनदा किल्लीच्या जागी वाकून पाहिलं आणि विचारलं, "हाई गाडी चालू शे का बंद शे?" तिथे किल्ली नाही, बटण आहे, हे समजावण्यात पुढचा चौक गेला.

काम नसलं की स्वतःहून थांबणारं यंत्र. साकिचीच्या मागाचं वैशिष्ट्य हेच होतं, आणि ही गाडी चालवताना मला तो माग राहून राहून आठवतो. पण हे जमवायला टोयोटालाही घाम फुटला होता. टोयोटाच्या हायब्रिड मोटारीचं, प्रियसचं, काम १९९३ मध्ये ताकेशी उचियामादांच्या हाताखाली सुरू झालं. १९९५ च्या अखेरीस बनवलेला पहिला नमुना ४९ दिवस जागचा हललाच नव्हता. डिसेंबर १९९७ मध्ये मात्र ती गाडी जपानात विक्रीला आली. आज माझ्या गाडीत त्याच घराण्याची यंत्रणा आहे: ९२ पीएसचं (पीएस म्हणजे साधारण अश्वशक्ती) १.५ लिटर तीन सिलिंडरचं इंजिन, ८० पीएसची मोटर, दोन्हींचा मिळून जोर ११५ पीएसच्या आसपास. दोघांचा मेळ दातेरी चक्रांचा एक संच घालतो, त्यामुळे क्लच नाही आणि गिअर बदलण्याचा धक्का नाही.

आता मायलेज. कागदावरचा आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर. हिवाळ्यात, गावात आणि जळगावच्या गर्दीत, मला २४-२५ सहज मिळालं. इथे आमच्या जुन्या डिझेलवाल्यांचा हिशेब उलटा होतो, कारण ही गाडी हायवेपेक्षा गर्दीत जास्त देते. धुळ्याच्या दिशेने चौपदरी रस्त्यावर १०० च्या पुढे धरली की इंजिनला सतत काम असतं आणि आकडा २० च्या आसपास येतो. ८० वर सुखाने चालवली तर २२-२३.

आणि मे महिन्यात? दुपारी बाजार समितीच्या आवारात उघड्यावर लावलेली गाडी म्हणजे भाकरीचा तवा. बटण दाबलं की इंजिन लगेच उठतं, कारण एसीला वीज हवी असते. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, म्हणून इंजिन बंद असतानाही हवा गार येत राहते, आणि ही मोठीच सोय आहे. रेल्वे फाटकावर उभं असताना साध्या गाडीत इंजिन घरघरत ठेवावं लागतं, इथे शांतता असते. पण एवढीशी बॅटरी एसीने पटापट उतरते, मग इंजिन मध्येच उठून ती भरतं आणि पुन्हा झोपतं. मायलेज १८-१९ वर आलं. त्यात मला आश्चर्य वाटलं नाही, पण 'हायब्रिड म्हणजे बारा महिने २५' असं ज्यांनी डोक्यात घेतलंय त्यांनी खान्देशचा उन्हाळा वजा करून बघावं. एसी मात्र कमी पडला नाही. पुढच्या सीटमधून येणारी हवा, जिला मी शोरूममध्ये चोचले म्हणालो होतो, ती आता माझ्या आईला माझ्यापेक्षा जास्त आवडते.

सनरूफ आमच्या कामाचं नाही. मुलांनी पावसाळ्यात पाटणादेवीच्या रस्त्यावर त्यातून डोकं बाहेर काढलं, मी रागावलो, विषय संपला.

कन्नडचा घाट या गाडीचं दोन्ही प्रकारचं दर्शन घडवतो. चाळीसगावहून चढताना पाच माणसं आणि सामान असलं की इंजिनचा आवाज एकसुरी वर चढतो आणि तिथेच टिकून राहतो. गाडी थकत नाही, पण कानाला तो सूर आवडत नाही. डिझेलच्या ओढीची सवय असलेल्याला तर मुळीच आवडणार नाही. उतरताना मात्र उलट गंमत. लिव्हर 'बी'वर टाकायचा, मग गाडी मोटरनेच स्वतःला आवरते, बॅटरी भरत जाते आणि ब्रेकवर पाय कमी पडतो. बॅटरी पूर्ण भरली की इंजिन पेट्रोल न जाळता फिरून गाडीला धरून ठेवतं. घाटात हे कळलं नाही तर माणूस घाबरतो, कारण उतारावर अचानक आवाज वाढतो.

कच्च्या रस्त्याला २१० मिलिमीटरचा ग्राउंड क्लिअरन्स पुरतो. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर बांधापर्यंत नेण्याचं धाडस मात्र कुणी करू नये. हायब्रिडमध्ये पुढचीच चाकं ओढतात. चारही चाकं ओढणारी हायरायडर मिळते, पण ती माइल्ड हायब्रिडमध्ये, म्हणजे जिथे वीज इंजिनाला नुसता हातभार लावते, आणि सुझुकीच्या इंजिनासह.

सुझुकीचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. "ही तर मारुतीच, नुसतं चिन्ह बदललंय," हे मला पारावर, लग्नात, टायरवाल्याकडे, सगळीकडे ऐकावं लागतं. त्यात तथ्य आहे. टोयोटा आणि सुझुकीची हातमिळवणी २०१७ पासूनची. २०१९ मध्ये टोयोटाने सुझुकीत पाच टक्क्यांच्या आतला वाटा घेतला, त्याच वर्षी सुझुकीच्या बलेनोची टोयोटा ग्लान्झा झाली. हायरायडर २०२२ ची. गाडीचा सांगाडा आणि आतली बटणं, स्क्रीन सुझुकीच्या घरातली, मारुतीची ग्रँड विटारा तिची जुळी बहीण, हायब्रिड यंत्रणा टोयोटाची आणि बांधणी बंगळुरूजवळच्या बिडदीची. इन्होव्हाचं दार लावल्यावर येतो तसा जड आवाज हवा असेल तर तो इथे येणार नाही. गंमत म्हणजे सुझुकीही मूळची मागवालीच. मिचिओ सुझुकीने १९०९ मध्ये हामामात्सूला मागाचा कारखाना काढला, साकिचीच्या जन्मगावापासून जवळच. तेव्हा चिन्ह कुणाचंही लावा, घराणं एकच.

डिकी हा हायब्रिडचा कमकुवत भाग. बॅटरी मागच्या बाजूला असल्यामुळे माइल्ड हायब्रिडपेक्षा जागा कमी. दोन मोठ्या बॅगा उभ्या राहत नाहीत. मला बियाण्यांची पाकिटं, औषधांची खोकी न्यायची असतात, ती मागची सीट पाडली की मावतात. पण आखाजीला बहीण माहेरी आली आणि परत निघताना आईने तिच्यासोबत पापड, कुरडया, आंब्याची पेटी आणि भरताची वांगी दिली, तेव्हा एक पिशवी मुलांच्या पायाशी गेलीच.

पैशाचा हिशेब थोडा सविस्तर. महिन्याला हजार किलोमीटर धरा. २२ च्या मायलेजला साधारण ४५ लिटर लागतात, १५ देणाऱ्या साध्या ऑटोमॅटिकला ६६-६७. म्हणजे २१ लिटर वाचले. पेट्रोल शंभरीच्या वर आहे, तेव्हा बचत २,१०० ते २,२०० रुपये. हायब्रिडसाठी जास्त मोजलेला प्रत्येक लाख वसूल व्हायला पावणेचार-चार वर्षं लागतात. दोन-अडीच लाखांचा फरक असेल तर स्वतःच हिशेब करा. माझं फिरणं याच्या दीडपट-दुप्पट आहे म्हणून मला परवडतं. ज्यांची गाडी आठवडाभर झाकून असते आणि रविवारी देवदर्शनाला निघते, त्यांनी साधी पेट्रोल घ्यावी.

बॅटरीची भीती मला कमी वाटते. तिला ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटरची वॉरंटी आहे. पण गावातल्या ओळखीच्या मिस्तरीला बॉनेटखालच्या नारिंगी वायरींना हात लावू द्यायचा नाही, एवढं पथ्य पाळावंच लागतं. त्या उच्च दाबाच्या आहेत. हवा, टायर, वायपर त्याच्याकडे आणि बाकी सगळं जिल्ह्याच्या ठिकाणी. क्वालिसच्या काळात रस्त्याकडेला पाना-पक्कड घेऊन गाडी उभी करणाऱ्या ड्रायव्हरला हे पटत नाही आणि त्याचं चूक आहे असं मी म्हणणार नाही.

टोयोटा म्हणजे बिघाड नाहीच, असं मानणाऱ्यांचाही एक पंथ आमच्याकडे आहे. त्यांना मी २००९-१० ची आठवण करून देतो. अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरून कंपनीला जगभर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या, आणि साकिचीचा पणतू अकिओ टोयोदा याला फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागावी लागली होती. पंथाला हे आवडत नाही, मग चहा मागवला जातो.

वाट बघायची तयारी असलेल्यांसाठी एक बातमी जुनीच आहे: जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने राज्य सरकारशी छत्रपती संभाजीनगरच्या कारखान्यासाठी करार केला, सुमारे २०,००० कोटींचा. कन्नडचा घाट चढला की पलीकडेच. आमच्या भागातल्या आयटीआयच्या पोरांचं लक्ष गाडीपेक्षा तिकडे जास्त आहे.

ज्यांचं सगळं फिरणं हायवेवर, सात माणसं आणि टपावर सामान, त्यांनी इन्होव्हा क्रिस्टा डिझेलच बघावी, हायब्रिडच्या नादी लागू नये. गर्दीत आणि गावोगाव फिरणाऱ्याला हायरायडर शोभते. रंग पांढरा घ्या. माझ्या साडूने काळी घेतली आहे, आणि एप्रिल ते जून तो लग्नाला आमच्या गाडीतून येतो.