स्काय की ॲरन? गाडीत तंबू टाकून निघणाऱ्यांसाठी

दरवर्षी मार्च लागला की ओळखीच्या मराठी घरांतून एक फोन हमखास येतो. आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर येणार आहेत, मे अखेरीस मुलांना आठवडाभर सुट्टी आहे, तंबू माळ्यावर पडलेला आहे, स्कॉटलंडचं एखादं बेट करावं म्हणतो. स्कायला जाऊ का? असं विचारणाऱ्याने मनातून स्काय ठरवलेलंच असतं, आणि त्यात चूक काही नाही. आम्हीही तसंच ठरवलं होतं. पहिल्या वर्षी स्काय केलं आणि पुढच्या वर्षी त्याच आठवड्यात ॲरन. दोन्हीकडे पाच-पाच रात्री राहिलो. लीड्सहून तीच गाडी, तोच सहा जणांचा तंबू, आणि माणसंही तीच: आम्ही दोघं, दोन मुलं आणि आई. त्यामुळे तुलना करायचा थोडाफार अधिकार आहे असं वाटतं. बाकी प्रत्येकाचं घर वेगळं आणि हौसही वेगळी.

आधी स्कायचं देणं देऊन टाकतो. डोळ्यांना जे दिसतं त्यात ॲरन त्याच्या जवळपासही येत नाही. क्विरांगच्या माथ्यावर उभं राहिल्यावर जमीन घसरून तिच्या घड्या पडल्यासारखी दिसते. स्टॉरचा सुळका पहाटेच्या धुक्यातून बाहेर येतो तेव्हा मुलंसुद्धा बोलायची थांबतात. कूलिनचे काळे डोंगर पाहून सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला आपलाच बेसॉल्ट आठवेल, पण कूलिनचा दगड गॅब्रो आहे, हाताला खरखरीत लागणारा. एकदाच जायचं असेल आणि फोटो हीच मुख्य शिदोरी असेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. स्कायला जा.

मला अडलं ते रस्त्यावर.

नकाशावर स्काय नीट पाहा. बेट एका तुकड्याचं वाटत नाही, पंजा पसरल्यासारखे त्याचे द्वीपकल्पांचे फाटे समुद्रात गेले आहेत. उत्तरेच्या ट्रॉटर्निश फाट्याला वळसा घालणारा रस्ता आहे, तो दिवस सुरेख जातो. पण एल्गॉल, ग्लेनब्रिटल आणि नीस्ट पॉइंट या तिन्ही ठिकाणी रस्ता संपतो. गेलात त्याच वाटेने परत यायचं, आणि ती वाट बहुतेक ठिकाणी एका गाडीपुरती. ब्रॉडफर्डहून एल्गॉल सुमारे 24 किलोमीटर म्हणजे फार नाही, पण ते दिवसातून दोनदा करायचं असतं आणि समोरून येणाऱ्यालाही तेच करायचं असतं.

अशा रस्त्यावर समोरच्याला वाट देण्यासाठी मधे मधे रुंद केलेल्या जागा असतात, त्या पासिंग प्लेस. त्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. जागा डावीकडे असेल तर आत घ्यायचं, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला तिच्यात शिरू द्यायचं, आणि तिथे गाडी लावून फिरायला कधीच जायचं नाही. रीत चांगली आहे. दोन गाड्यांची गाठ पडते तेव्हा ती उत्तम चालते, हात वर होतात, माणसं हसतात. पण एका बाजूने सहा कॅम्परव्हॅन आणि दुसऱ्या बाजूने आठ गाड्या आल्या की एका पासिंग प्लेसमध्ये दोन किंवा तीन मावतात. मग मागच्यांनी मागे जायचं. त्यांच्याही मागे कोणीतरी असतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही ग्लेनब्रिटलला निघालो. कार्बोस्टजवळून फुटणारा हा रस्ता सुमारे 13 किलोमीटरचा आहे, आणि फेअरी पूल्स नावाच्या निळ्या डोहांची सगळी गर्दी त्याच वाटेने जाते. जाताना मी चार वेळा गाडी मागे घेतली. त्यातली एकदाची वळणावर, डाव्या बाजूला ओल्या पीटचा, म्हणजे दलदलीच्या काळ्या मातीचा, चर आणि मागच्या काचेवर तंबूची पिशवी, त्यामुळे सगळं आरशावर. मागून मुलगी "बाबा, थांबा" म्हणत होती. परतताना पाच वाजले होते आणि दरीतली सगळी गर्दी एकदमच सुटली. आई पुढच्या सीटवर, हात दाराच्या कडीवर. तिचं माहेर पाटणचं, कुंभार्ली घाट तिच्या पायाखालचा. ती एवढंच म्हणाली, "आपल्याकडे चढणाऱ्याला वाट द्यायची हे तरी सगळ्यांना ठाऊक असतं." तोच नियम ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही आहे. पण चढणारे आणि उतरणारे दोन्ही रांगेने आले की नियमाला जागा उरत नाही. त्या संध्याकाळी तंबूत बसून मी मुलांना काय पाहिलं ते विचारलं, तर धाकट्याने पाण्याचा निळा रंग सांगितला आणि मला रंग आठवेना. मला फक्त आरसा आठवत होता.

पाच दिवसांत हे तीनदा झालं. वाहनं चालवायला मला आवडतं, पण ज्याच्या हातात चाक आहे त्याची सहल वेगळीच होते, आणि हे निघण्याआधी कोणी सांगत नाही.

याचं मूळ माझ्या मते पुलात आहे. स्कायचा पूल 1995 मध्ये झाला, 2004 च्या डिसेंबरात टोलही गेला. बेटावरच्या लोकांनी त्यासाठी अनेक वर्षं लढा दिला होता, आणि तो योग्यच होता. दवाखान्याला जाताना टोल भरायला कोणाला आवडेल? पण पाहुण्यांच्या गाड्यांना आता कसलाच अडसर नाही. ॲरनला पूल नाही. बोटीच्या डेकवर जेवढ्या गाड्या मावतात तेवढ्याच ब्रॉडिकला, तिथल्या बंदरात, उतरतात, त्याहून एकही जास्त नाही.

आणि ॲरनचा मुख्य रस्ता बेटाभोवती फिरून जिथून निघाला तिथेच येतो. सगळा वळसा साधारण 90 किलोमीटरचा. आमचा तंबू होता त्या लॉखरँझाहून आम्ही सकाळी नऊला निघालो. सॅनॉक्स, कॉरी आणि ब्रॉडिक करत किल्डोननला किनाऱ्यावर जेवलो. खडकांवर सील पहुडले होते आणि समोर एल्सा क्रेगचं घुमटासारखं बेट, ज्याच्या ग्रॅनाइटपासून ऑलिंपिकमधल्या कर्लिंगचे दगड घडवतात. मग पश्चिम किनाऱ्याने वर येत माखरी मूरला पायी आत गेलो. तिथले उभे दगड सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचे, त्यातला एक पाच मीटरहून उंच. आई त्याला हात लावून बराच वेळ उभी राहिली. संध्याकाळी तंबूपाशी परत आलो ते दुसऱ्या बाजूने. दिवसभरात कोणतीही जागा दोनदा पाहिली नाही आणि गाडी एकदाही मागे घेतली नाही. रस्ते गुळगुळीत आहेत असं म्हणणार नाही, खड्डे आहेत आणि दक्षिणेला वळणं पोटात कालवतात. पण दोन गाड्या एकमेकींशेजारून जातात, आणि माझ्यासाठी तेवढं पुरे होतं.

फेरीबोटीचं मात्र मनावर घ्यावं लागतं. मे ते ऑगस्ट गाडीसह जायचं तर बोटीचं आरक्षण आधी करा, कॅम्पसाइट नंतर. आम्ही उलटं केलं होतं, तेव्हा हवी ती बोट मिळाली नाही. आम्ही गेलो मुख्य भूमीवरच्या आर्ड्रोसन बंदरातून, तासाभरात ब्रॉडिक. हल्ली ट्रूनहूनही बोट जाते, ती थोडा जास्त वेळ घेते, तेव्हा तिकिटावर बंदराचं नाव नीट वाचा. वारा चढला की बोट रद्द होते. आमची परतीची सकाळची फेरी अशीच गेली आणि संध्याकाळची मिळाली. म्हणून परतल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामावर हजर राहायचं असेल, तर एक दिवस हाताशी ठेवलेला बरा. दाभोळ-धोपावे फेरीत गाडी चढवलेल्यांना इथे नवं काही वाटणार नाही, फक्त बोटीच्या पोटातला डेक कितीतरी मोठा आणि प्रवासात गाडीत बसू देत नाहीत.

एक गोष्ट मात्र आवर्जून करा. बेटाच्या उत्तर टोकाला लॉखरँझाहून क्लूनेगला अर्ध्या तासाची छोटी बोट आहे. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळ्यात तिला आरक्षण नव्हतं, रांगेत उभं राहायचं आणि नंबर लागला की चढायचं. आल्या बंदराने परत न जाता या बोटीने मुख्य भूमीच्या किंटायर द्वीपकल्पावर उतरलं, की इन्व्हरेरी आणि लॉख लोमंड करत ग्लासगोला येता येतं. म्हणजे सगळी सहलच वळशाची होते. पुढच्या खेपेला आम्ही तसंच जाणार आहोत.

तंबूच्या बाबतीत दोन्ही बेटं बरोबरीची म्हणावीत. ग्लेनब्रिटलची कॅम्पसाइट समुद्राला टेकून, पाठीशी कूलिन, तशी जागा ॲरनवर नाही हे खरं. लॉखरँझाला मात्र पहाटे पाचला तंबूबाहेर सांबराएवढं लाल हरीण चरत होतं, आणि आईने मला उठवलं ते खांद्याला नुसता हात लावून, आवाज न करता. तिथे खाणं उघड्यावर ठेवू नका. आमची भाजणीची पिशवी गाडीत होती म्हणून वाचली. 2003 च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये मोकळ्या रानातही तंबू ठोकता येतो, पण ती मुभा पायी जाणाऱ्याच्या तंबूला आहे, रस्त्याकडेच्या गाडीला नाही. वयस्कर माणूस बरोबर असेल तर मला विचाराल तर गरम पाणी आणि जवळ संडास असलेली जागाच घ्या.

चिलटं दोन्हीकडे आहेत. मे अखेरीस ती सुरू होतात आणि ओल्या, निवाऱ्याच्या जागी संध्याकाळी ढगासारखी उठतात. वारा ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर गेला की त्यांना उडता येत नाही, म्हणून झाडांच्या आडोशाची जागा कितीही छान दिसली तरी घेऊ नका, किनाऱ्याकडची घ्या. त्या वाऱ्यात स्टोव्ह विझतो. आम्ही गाडीची दोन दारं उघडून त्यांच्यामध्ये पातेलं ठेवलं, आणि पिठलं झालं.

डोंगर चढायचे असतील तर फरक मोठा आहे. कूलिनची धार सुमारे 12 किलोमीटरची, तिच्यावर दोर आणि अनुभव लागतो, आणि 992 मीटरचा स्गूर ॲलॅस्डेअर हे काही कुटुंबाला घेऊन जायचं शिखर नव्हे. ॲरनचं गोटफेल 874 मीटर, ब्रॉडिकच्या किल्ल्याजवळून समुद्रसपाटीपासून वर जाणारी मळलेली पायवाट. आकडा ऐकून कळसूबाई केलेले मित्र फारसं मनावर घेत नाहीत, पण शेवटच्या दगडांवर त्यांचीही चाल मंदावते. आमची अकरा वर्षांची मुलगी वर पोचली. लॉखरँझाजवळ किनाऱ्यावर आणखी एक जागा आहे, जिथे 1787 मध्ये भूशास्त्रज्ञ जेम्स हटन याला तिरक्या उभ्या खडकांवर दुसऱ्याच दिशेने कललेले थर टेकलेले दिसले. पहिले थर साठून, वळून, झिजून मग त्यांवर दुसरे बसायला किती काळ गेला असेल, हा विचार त्याला तिथे सापडला. बघायला ती जागा अगदी साधी आहे. मुलीला मात्र ते पटकन समजलं, आणि नंतर दोन दिवस ती प्रत्येक दगडाजवळ थांबत होती.

तेव्हा मुलं, आई-बाबा आणि चाकावर एकच माणूस असं असेल, तर मी ॲरन म्हणेन. दोघंच असाल, दोघंही गाडी चालवत असाल आणि एप्रिल किंवा सप्टेंबर अखेर जमत असेल, तर स्काय घ्या. तेव्हा ते रस्ते पूर्ण वेगळे असतात असं तिथल्या एका दुकानदाराने आम्हाला सांगितलं, आणि माझा त्यावर विश्वास आहे. पण पुलावरून जाऊ नका. मुख्य भूमीवरच्या ग्लेनेल्गला या, तिथून स्कायच्या काइलरेला ईस्टर ते ऑक्टोबर एक जुनी बोट जाते. तिचा डेक गोल फिरतो आणि खलाशी तो हातांनी ढकलून किनाऱ्याकडे वळवतात. एका खेपेला सहा गाड्या.