दाढेत काय भरायचं: लाईटचं कंपोझिट, सिमेंट की चांदी?

जळगाव-भुसावळकडे हल्ली दाढ किडली की डॉक्टर पहिलं नाव कंपोझिटचंच (दाताच्या रंगाचं, लाईटने कडक होणारं रेझिन) घेतात आणि घरातले मोठे म्हणतात चांदीच भर, आमची अजून टिकून आहे. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण रंग आणि रेट बघून ठरवू नका भाऊ. कीड नेमकी कुठे आहे आणि भरताना ती दाढ कोरडी राहील का, हे आधी बघा.

चांदी म्हणजे अमाल्गम, पारा आणि चांदीसारख्या धातूंचं मिश्रण, त्यात वजनाने साधारण निम्मा पारा असतो. ती दाताला चिकटत नाही, नुसती खाचेत अडकून बसते, म्हणून खड्डा आतून रुंद करावा लागतो आणि थोडा चांगला दातही कोरला जातो. पण जरा लाळ लागली तरी निभावून नेते आणि मागच्या दाढेचा चावायचा जोर मस्त झेलते. पूर्ण कडक व्हायला 24 तास लागतात, तोवर त्या बाजूने कळण्याची भाकरी नको. पाऱ्यामुळे 2025 पासून युरोपियन युनियनमध्ये काही अपवाद सोडून ती बंद झालीये, तरी तुमच्या तोंडातली जुनी चांदी धड असेल तर उगाच उकरून काढू नका.

सिमेंट म्हणजे ग्लास आयोनोमर, हे दातातल्या कॅल्शियमशी स्वतःच रासायनिक पकड करतं, थोडा ओलावा चालवून घेतं आणि फ्लोराईडही सोडतं. मात्र लवकर झिजतं. लहान मुलांच्या दुधाच्या दाढा, म्हाताऱ्या माणसांची हिरडीलगतची कीड, इथे मी डोळे झाकून हेच सांगेन.

आता कंपोझिट, कारण खरा घोळ इथेच होतो. 1955 मध्ये बुओनोकोरे या अमेरिकन दंतवैद्यांनी दाखवलं की इनॅमलवर (दाताच्या वरच्या कडक आवरणावर) फॉस्फोरिक ॲसिड लावलं की रेझिन जास्त घट्ट धरतं, आणि आजही साधारण 37 टक्क्यांचं जेल काही सेकंद लावून धुतात, मग इनॅमल खडूसारखं पांढरं दिसतं आणि त्याच्या बारीक छिद्रांत बाँड (चिकटवणारं पातळ रेझिन) शिरून लाईटने घट्ट होतो. इनॅमल वजनाने जवळपास 96 टक्के खनिज, म्हणून तिथली पकड भक्कम. खालच्या डेंटिनमध्ये, म्हणजे इनॅमलच्या आतल्या थरात, पाणी आणि कोलॅजन (प्रथिनाचे धागे) असतं, ते फार सुकवलं तर कोलॅजनची जाळी खाली बसते आणि बाँड आत शिरत नाही, फार ओलं ठेवलं तरी नीट धरत नाही, म्हणजे डॉक्टरच्या हाताची परीक्षा तिथेच आहे. त्यात कडक होताना कंपोझिट आकाराने 2-3 टक्के आकसतं आणि भिंतीपासून सुटायला बघतं. सुटलं तर गार पाण्याने दात शिवशिवतो, फटीत पुन्हा कीड लागते. म्हणून साधं कंपोझिट सुमारे 2 मिलिमीटरच्या थरांनी भरतात आणि प्रत्येक थराला वेगळा लाईट देतात.

ॲसिड लावलेल्या जागेवर लाळ किंवा रक्त लागलं की पकड गेलीच समजा, परत धुवून सगळं नव्याने करावं लागतं. त्यामुळे रबर डॅम (दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा) लावणारा डॉक्टर मिळाला तर दोन पैसे जास्त द्या, खरंच द्या. आणि कीड हिरडीच्या खाली गेली असेल, कडेला इनॅमलच उरलं नसेल, तर कंपोझिटचा हट्ट सोडा.

अजून एक गोष्ट आपल्याकडे कोणी सांगत नाही. दाढ ठणकली की लवंगेचं तेल लावतात ना, त्यातलं युजेनॉल रेझिनला नीट कडक होऊ देत नाही. लावलं असेल तर खुर्चीवर बसायच्या आधी सांगा.

हळद, चहा आणि तंबाखूने कंपोझिटची किनार पिवळी पडते, ती बऱ्याचदा पॉलिशने निघते, चांदीला तो प्रश्नच नाही. समोरच्या दाताला मात्र कंपोझिटच घ्या, तिथे चांदीचा विचारही नको.

पैशाची अडचण असेल तर धुळ्याला डेंटल कॉलेज आहे, तिथे विद्यार्थी सरांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो पण अशा कामाला वेळ दिलेला बराच. काहीही भरून घ्या, बधिरपणा उतरल्यावर चावून बघा, भरलेली जागा उंच लागली तर दोन-तीन दिवसात परत जाऊन घासून घ्या, दाढ दुखायची वाट बघू नका.