घर विकलं जात नाही: भाव उतरवायचा, रंग काढायचा की आधी कागद?

आईवडिलांचा तीस वर्षांपूर्वीचा फ्लॅट विकायला काढून सहा महिने झाले आणि गिऱ्हाईक ठरेना, की घरात तट पडतात. एक म्हणतो भाव उतरवा, दुसरा म्हणतो आधी रंग काढा, तिसरा म्हणतो थांबा, रीडेव्हलपमेंट येतंय. कागदांचा विषय कुणी काढत नाही, कारण तो काढला की भावंडांत हिशोबाचं बोलणं आलं. हे चारही उपाय शेजारी ठेवून बघू. डोळ्यांसमोर पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा, लिफ्ट नसलेला, ७०० चौरस फूट कार्पेटचा (म्हणजे आतल्या वापराच्या जागेचा) टू बीएचके धरला आहे. बंगल्याचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे.

गिऱ्हाईक कुठून परततं?

उपाय निवडण्याआधी एवढं एकच तपासा. वही घ्या आणि गेल्या तीन महिन्यांतले फोन, भेटी आणि बैठका मांडा.

फोनच येत नसतील तर दोष जाहिरातीत किंवा भावात आहे. जाहिरातीत बहुतेक वेळा क्षेत्रफळ नडतं. जुन्या करारात जिना-लॉबीसकट मोजलेलं ‘सेलेबल १,००० चौरस फूट’ लिहिलेलं असतं, तेच जाहिरातीत जातं, आणि गिऱ्हाईक टेप लावतं तेव्हा ७०० भरतात. २०१७ पासून रेरा या घरखरेदीच्या कायद्यामुळे लोक कार्पेटवर बोलायला शिकले आहेत, त्यामुळे आकडा कार्पेटचाच द्या. दुसरं, एकच फ्लॅट पाच एजंटांकडे दिलेला असतो आणि पाच ठिकाणी पाच भाव दिसतात, ७८, ८०, ८५ लाख. बघणारा सर्वांत कमी आकडा धरतो आणि वर शंका घेतो. दोनच एजंट ठेवा आणि दोघांना एकच आकडा द्या.

लोक येतात, बघतात आणि पुन्हा फोन करत नाहीत, असं असेल तर घराच्या अवस्थेकडे बघा. कधी कारण साधं असतं. किल्ली शेजारच्या काकूंकडे असते आणि त्या गावाला गेलेल्या असतात. किंवा घर दाखवताना आई दारात उभी राहून “आम्हाला खरं तर विकायचं नाही हो” असं म्हणते. तिचं चुकत नाही, पण गिऱ्हाईक त्या वाक्यावर जिना उतरतं.

बैठक झाली, टोकनही ठरलं आणि मग बँकेत किंवा वकिलाकडे गाडी अडली, असं दोनदा झालं असेल तर रंगाचा डबा उघडूच नका. अडचण कागदात आहे आणि ती दर नव्या गिऱ्हाइकाला त्याच जागी भेटणार आहे.

पितृपक्षात फोन थांबले तर तो कशाचाही पुरावा नाही. ते पंधरा दिवस मोजू नका.

भाव उतरवणं

आधी खरा भाव काय तो शोधा. शेजाऱ्याने ‘८५ ला मागणी आली होती’ म्हटलेला आकडा कामाचा नाही, पोर्टलवरचाही नाही, कारण तो मागितलेला भाव असतो. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून आपल्या इमारतीतल्या किंवा त्याच गल्लीतल्या विक्रीचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचे गोषवारे, काढा. त्यात मोबदला, बाजारमूल्य आणि क्षेत्रफळ असतं. मोबदल्याला कार्पेटने भागा. तीन-चार व्यवहार मिळाले की चित्र दिसतं.

गिऱ्हाईक ८० लाखांवर का अडतं, हे त्याच्या खिशाच्या बाजूने बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळतं. किंमत म्हणजे करारातला आकडा किंवा बँकेच्या व्हॅल्युअरचा (घराची किंमत ठरवणाऱ्याचा) आकडा, दोन्हीतला कमी असेल तो. मुद्रांक शुल्क त्यात धरत नाहीत. पुणे शहरात ते पुरुष खरेदीदाराला ७ टक्के, महिलेच्या नावावर एक टक्का कमी. नोंदणी फी जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

| (रुपये लाखांत) | भाव ८०, व्हॅल्युअर ८० | भाव ८०, व्हॅल्युअर ७० | भाव ७२, व्हॅल्युअर ७० |
|---|---|---|---|
| कर्ज | ६४ | ५६ | ५६ |
| उरलेली किंमत | १६ | २४ | १६ |
| मुद्रांक ७% | ५.६० | ५.६० | ५.०४ |
| नोंदणी | ०.३० | ०.३० | ०.३० |
| दलाली १% | ०.८० | ०.८० | ०.७२ |
| खिशातून एकूण | २२.७० | ३०.७० | २२.०६ |

मधला रकाना नीट वाचा. जुन्या इमारतीत व्हॅल्युअर हात आखडता घेतो, आणि त्या दहा लाखांच्या फरकाने गिऱ्हाइकाची रोख गरज आठ लाखांनी वाढते. ‘घर आवडलं, घरी बोलून सांगतो’ म्हणून गेलेला माणूस इथेच संपलेला असतो. उलट, व्हॅल्युअर ७० वर बसला असेल तर तुम्ही उतरवलेले ८ लाख त्याच्या हप्त्यातून जात नाहीत, थेट त्याच्या रोकड खर्चातून जातात. म्हणून अशा घराला भाव उतरवणं लागू पडतं, पण एकदाच आणि ठळक. दर महिन्याला लाख-लाख उतरवणाऱ्याकडे गिऱ्हाईक पुढच्या महिन्याची वाट बघतं.

‘दहा लाख ब्लॅक द्या’ ही अटही भावाचाच दोष आहे. करारातली किंमत कमी झाली की कर्ज कमी होतं, आणि पगारदार गिऱ्हाईक मावळतं. शिवाय जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो.

भाव उतरवायला तळ आहे. रेडी रेकनरच्या (सरकारी दरपत्रकातल्या) मूल्यापेक्षा १० टक्क्यांहून खाली गेलात, तर आयकर तुमचा नफा रेकनरच्या आकड्याने मोजतो, फरक खरेदीदाराच्याही उत्पन्नात धरला जातो, आणि मुद्रांक शुल्क तर रेकनरच्याच आकड्यावर लागतं. तेवढं खाली जावं लागत असेल तर दुखणं भावाचं नाही.

रंग आणि डागडुजी

नुसत्या रंगाला या आकाराच्या घरात भिंती आणि छत मिळून दोन-सव्वादोन हजार चौरस फूट धरा. आधीच्या रंगावर दोन हात, १५ ते २० रुपये फुटाने ३०-४५ हजारांत काम होतं. पांढरा किंवा फिकट रंग, सगळे बल्ब बदललेले, माळा रिकामा. हे करावं. नवं मॉड्युलर किचन करू नये, त्याचे दीड-दोन लाख परत येत नाहीत. येणारं गिऱ्हाईक ओटा तोडणारच असतं.

ओल मात्र वेगळी. संडास-बाथरूमच्या मागच्या भिंतीला पापुद्रे सुटलेत, लोणा फुटलाय, आणि त्यावर पुट्टी मारून रंग दिला, तर पहिल्या पावसात ती फुगते. मुरलेलं गिऱ्हाईक कपाट सरकवून बघतं. आधी पाणी कुठून येतं ते शोधा. नहाणी ट्रॅपला बोळा घाला, बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरा आणि २४ ते ४८ तास ठेवा. खालच्या घराच्या छताला डाग वाढला तर जमिनीचं वॉटरप्रूफिंग गेलंय. वाढला नाही तर बाहेरच्या पाइपचे सांधे किंवा गच्ची बघा. मूळ बंद केल्यावर प्लास्टर विटेपर्यंत खरवडायचं, तीन-चार आठवडे वाळू द्यायचं, मग नवं प्लास्टर, त्यावर सात दिवस पाणी, तेही वाळलं की रंग. घाई करणारा रंगारी यातली मधली पायरी गाळतो.

पार्किंगमधल्या खांबाला सळईच्या रेषेत उभी चीर आणि गंजाचा डाग असेल तर तुमच्या हॉलच्या रंगाचा काही उपयोग नाही. सोसायटीकडून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नियमावलीप्रमाणे) १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्यापुढे दर ३ वर्षांनी व्हायला हवं. अहवाल हातात असलेला फ्लॅट बँकेत लवकर सरकतो, अहवाल साधारण असला तरी.

कागद

इथे खर्च सर्वांत कमी आणि चालढकल सर्वांत जास्त. नेहमीचं उदाहरण घ्या. फ्लॅट वडिलांच्या नावावर, वडील गेले, नॉमिनी आई, म्हणून सोसायटीने भाग दाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) आईचं नाव चढवलं. दोन मुली नाशिकला, मुलगा न्यू जर्सीत. घरच्यांच्या समजुतीने घर आईचं. खरेदीदाराच्या वकिलाच्या दृष्टीने, मृत्युपत्र नसेल तर, घर चौघांचं, प्रत्येकी पाव हिस्सा. नॉमिनी हा मालक नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायदाच त्याला तात्पुरता सभासद म्हणतो.

यातून दोन वाटा आहेत. पहिली, मुलांनी आईच्या नावे हक्कसोडपत्र करायचं. ते नोंदणीकृतच हवं, नोटरी केलेला कागद चालत नाही. जवळच्या नात्यात विनामोबदला केलं तर मुद्रांक नाममात्र पडतो. पुढचं सगळं एका सहीवर होतं. पण हक्क खरोखर सुटतो. पैसे नंतर वाटून घेऊ, हे तोंडी ठरलेलं राहतं, आणि तिथे कटकट होते. दुसरी वाट, चौघांनी विक्रीच्या करारावर सही करायची. कुणालाच काही सोडावं लागत नाही, प्रत्येकाच्या हिश्शाचा चेक वेगळा निघतो आणि भांडवली नफ्यावरच्या सवलती प्रत्येकाला स्वतंत्र मिळतात. भावंडांत जरा जरी धुसफुस असेल तर दुसरी वाट बरी.

अडतं ते न्यू जर्सीपाशी. मुलगा येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीसमोर करावं, किंवा तिथल्या नोटरीसमोर करून त्याला अपॉस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) घ्यावं. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरायचा. ही मुदत चुकवणारे पुष्कळ. आणि विक्रेत्यांत अनिवासी असला की त्याच्या हिश्शावर खरेदीदाराला नेहमीचा १ टक्का नव्हे, दीर्घकालीन नफ्याचा १२.५ टक्के आणि वर उपकर, लागू असेल तर अधिभार, असा टीडीएस कापावा लागतो. आयकर खात्याचं कमी कपातीचं प्रमाणपत्र नसेल तर सहसा हिश्शाच्या पूर्ण रकमेवर. हे गिऱ्हाइकाला करार टाइप झाल्यावर कळलं की ते बिचकतं. मुलाने प्रमाणपत्रासाठी अर्ज आधीच करून ठेवावा आणि पहिल्याच बैठकीत तसं सांगून टाकावं.

बाकीची फाइल अशी: मूळ करार आणि इंडेक्स टू, आधीच्या सगळ्या विक्रीची साखळी, भोगवटा पत्र (ऑक्युपन्सी सर्टिफिकेट), मंजूर नकाशा, भाग दाखला, सोसायटीचं ना-हरकत आणि थकबाकी नसल्याचं पत्र, मृत्यू दाखला, जुनं कर्ज फेडलं असेल तर बँकेचं पत्र. साखळीतला एक करार हरवला तर पोलीस तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधकांकडून प्रमाणित प्रत, यात महिना-दीड महिना जातो. नकाशात नसलेली बंद केलेली बाल्कनी व्हॅल्युअर मोजत नाही, म्हणून तुम्हीही ती भावात धरू नका. सोसायटी ‘विकास निधी’ म्हणून लाख-दीड लाख मागत असेल तर लक्षात ठेवा, महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य (ट्रान्सफर प्रीमियम) २५,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही.

थांबणं

रीडेव्हलपमेंटच्या आशेवर थांबायचं असेल तर टप्पा बघा. ‘बिल्डर येऊन गेला’ याला किंमत शून्य. मानीव अभिहस्तांतरण (जमीन सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, सहकार कायद्याच्या ७९-अ प्रमाणे सभा होऊन ठराव झालाय का, बिल्डरसोबतचा विकसन करारनामा नोंदवलाय का? तिसरं ‘हो’ येईपर्यंत वाढीव क्षेत्र भावात मोजू नका. गिऱ्हाईक तर मोजतच नाही. वर, पाडायला निघालेल्या इमारतीवर बँका कर्ज देताना काचकूच करतात, म्हणजे उरतात ते रोखीवाले, आणि ते भाव पाडूनच मागतात.

थांबण्याचा खर्चही मांडा. ७२ लाख आज हातात आले आणि साडेसहा टक्क्यांनी ठेवले तर महिन्याला ३९,००० होतात. ८० च्या हट्टापायी दीड वर्ष गेलं तर सात लाख तिथेच गेले, मेंटेनन्स आणि मिळकतकर वेगळा. भाड्याने देऊन हे भरून निघत नाही. जुन्या फ्लॅटचं भाडं वर्षाला किमतीच्या अडीच-तीन टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे महिना १५ ते १८ हजार. तरीही कागदांना चार-सहा महिने लागणारच असतील तर अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला हरकत नाही. फक्त महिन्याच्या नोटिशीचं आणि घर दाखवू देण्याचं कलम करारात घाला.

बंगला असेल तर

रंग विसरा. गिऱ्हाईक दोन प्रकारचं असतं आणि दोघं एकाच वास्तूत वेगवेगळी वस्तू बघतात. राहणाऱ्याला मंजूर नकाशा आणि वरच्या मजल्याची परवानगी हवी असते. बिल्डर भूखंड आणि रस्त्याची रुंदी मोजतो. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर प्रीमियम एफएसआय आणि टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क, मिळत नाही, म्हणून सहा मीटरच्या गल्लीतल्या बंगल्याला बिल्डरचा भाव मिळेल ही आशा सोडा आणि राहणाऱ्यासाठी कागद तयार करा. रस्ता रुंद असेल तर मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), मोजणीचा नकाशा आणि सर्व वारसांची संमती एवढं पुढ्यात ठेवा.

टोकन घेताना

इसारपावतीत करार नोंदवायची तारीख घाला, ४५ दिवस पुरतात. ‘विक्रेत्याच्या कागदांमुळे कर्ज नाकारलं तर इसार परत, खरेदीदाराच्या उत्पन्नामुळे नाकारलं तर अमुक रक्कम कापून परत’ असं दोन ओळींत वेगळं लिहा. हे न लिहिलेल्या पावत्यांवर सहा-सहा महिने घर अडकून पडतं, आणि तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक शेजारच्या इमारतीत घर घेऊन मोकळं होतं.