टीएलडी गोळी: चांगली आहे, पण अँटासिडपासून जपा

एआरटी केंद्रावर, म्हणजे एचआयव्हीचे उपचार मिळतात तिथे, आज बहुतेक प्रौढांना मिळते ती टीएलडी. एकाच गोळीत टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्रॅविर ५०. पहिली दोन औषधं एचआयव्हीला आपल्या आरएनएवरून डीएनए बनवू देत नाहीत. त्यातूनही जे बनेल ते डोल्युटेग्रॅविर आपल्या पेशीच्या डीएनएत घुसू देत नाही. मुंबईत जेजे, केईएम, सायन, नायर रुग्णालयांतल्या केंद्रांवर ती फुकट मिळते.

आधीच्या टीएलई गोळीत एफाविरेन्झ होतं. चक्कर आणि भयंकर स्वप्नं यामुळे ती रात्री झोपतानाच घ्यावी लागे. पहाटेची लोकल पकडणाऱ्याला किंवा रात्रपाळी करणाऱ्याला हे फार जड जायचं. टीएलडी दिवसातून एकदा, कोणत्याही ठरावीक वेळी, उपाशीपोटी किंवा जेवून, कशीही चालते. झोप उडत असेल तर सकाळी घ्या. काहींचं वजन वाढतं, तेही डॉक्टरांना सांगा.

खरी गडबड होते ती पित्तावरच्या औषधामुळे, म्हणजे अँटासिडमुळे. वडापाव खाऊन छातीत जळजळलं की आपण केमिस्टकडून डायजीन किंवा जेलुसिल घेतो. त्यातलं मॅग्नेशियम आणि अ‍ॅल्युमिनियम पोटात डोल्युटेग्रॅविरला चिकटतं आणि औषध रक्तात पुरेसं उतरतच नाही. गोळी रोज घेऊनही विषाणू दबत नाही, त्याचं कारण कधीकधी एवढंच असतं. म्हणून टीएलडी अँटासिडच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांनाही हाच नियम; मात्र जेवणासोबत घेतल्या तर त्या टीएलडीबरोबर चालतात. आम्ल कमी करणाऱ्या पॅन्टोप्राझोलची मात्र अडचण नाही.

मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्रॅविरमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढतं. दिवसाचा डोस सहसा १००० मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, तेव्हा मधुमेहाच्या डॉक्टरांपासून टीएलडी लपवू नका. टीबीच्या रिफॅम्पिसिनचं उलटं आहे: ते डोल्युटेग्रॅविर लवकर संपवतं. म्हणून टीएलडीनंतर १२ तासांनी ५० मिलिग्रॅम डोल्युटेग्रॅविरची वेगळी गोळी जोडतात आणि रिफॅम्पिसिन संपल्यावरही २ आठवडे चालू ठेवतात. ही जादा गोळी विसरणं महागात पडतं.

मूत्रपिंडाचं काम पाहायला रक्तात क्रिएटिनिन मोजतात; त्याचा आकडा सुरुवातीला थोडा चढतो. डोल्युटेग्रॅविर ते लघवीवाटे बाहेर पडणं कमी करतं. त्याचा अर्थ मूत्रपिंड बिघडलं असा नाही. पण टेनोफोविर खरोखर मूत्रपिंडाला त्रास देऊ शकतं, तेव्हा तपासणी चुकवू नये. हिपॅटायटिस बी असलेल्यांनी तर गोळी मनाने कधीच थांबवू नये: यातली दोन औषधं त्या विषाणूलाही दाबून ठेवतात, आणि ती अचानक बंद केली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते.

डोस राहिला तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या डोसला ४ तासांहून कमी उरले असतील तर सोडून द्या, दोन एकदम नकोत. व्हायरल लोडची, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे याची तपासणी ६ आणि १२ महिन्यांनी, मग वर्षाला एकदा.

मुंबईच्या पावसाळ्यात गोळ्या प्लास्टिकच्या पुडीत किंवा ओल्या मोरीजवळच्या फळीवर ठेवू नका. मूळ बाटली, घट्ट झाकण, आणि आतली ओल शोषणारी पुडी काढून फेकायची नाही. गणपतीला कोकणात जाणार असाल तर पुरतील एवढ्या गोळ्या आधीच केंद्रावरून मागून घ्या, आणि बाटली सामानाच्या मोठ्या बॅगेत न टाकता हातातल्या पिशवीत ठेवा.