आयकिडोचे दहा महिने: तालमीत वाढलेल्या माणसाचा अनुभव

मी मूळचा बेळगावजवळच्या येळ्ळूरचा, नोकरी उद्यमबागेतल्या मशीन शॉपमध्ये, वय 47. लहानपण गावच्या तालमीत गेलं. वडील, म्हणजे आमचे आबा, जत्रेच्या मैदानात लढलेले. त्यामुळं गेल्या जूनमध्ये टिळकवाडीतल्या आयकिडो या जपानी युद्धकलेच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न त्यांचाच आला. "तिथं शिकवत्यात काय?" मी सांगितलं, सुरुवातीला नुसतं पडायला शिकवतात. आबा म्हणाले, "पडायला कशाला शिकायचं? पाडायला शिक की."

आठवड्यातून तीन संध्याकाळ, दीड-दीड तास. माझी 11 वर्षांची मुलगीही बरोबर येते. कामावरचे लोक, नातेवाईक अजूनही 'कराटे कसं चाललंय' असंच विचारतात. म्हणून एकदा सविस्तर लिहावं म्हटलं.

कुस्तीत पाठ मातीला लागली की खेळ संपला. त्यामुळं पाठ वाचवायची सवय अंगात मुरलेली असते. मान ताठ, खांदा घट्ट. तेच अंग घेऊन मी मॅटवर उतरलो आणि पहिला दीड महिना फार जड गेला. पडण्याला तिथं उकेमी म्हणतात. मागं पडताना एक पाय दुमडून आधी बूड टेकायचं, पाठ गोल करायची, हनुवटी छातीशी आणि नजर कमरेच्या पट्ट्याच्या गाठीवर. नजर गाठीवर असली की डोकं जमिनीवर आपटत नाही. हे जमलं. पुढची लोळण मात्र जमेना. करंगळीच्या बाजूनं हात टेकायचा, तिथून कोपर, मग खांदा, मग पाठीवरून तिरकं जाऊन पलीकडच्या कमरेवर उतरायचं आणि त्याच झोकात उभं राहायचं. माझा उजवा खांदा मध्येच अडायचा आणि मी धाडकन आदळायचो. वीस-बावीस वर्षं लेथच्या चकमध्ये जॉब चढवून तो खांदा आखडलेला, त्यावर काळानिळा डाग कायमचाच झाला होता.

तो सुटला मास्तरांमुळं. मास्तर म्हणजे बैलहोंगलकडचे निवृत्त शिक्षक, वय 63, बोलणं कन्नड. जोडीला तेच असायचे. एकदा माझ्या बरगडीवर हात ठेवून म्हणाले, "उसिरु बिड्री." श्वास सोडा. तोवर मला कळलंच नव्हतं की पडताना मी श्वास कोंडून धरतोय. ते शेजारी बसून प्रत्येक वेळी तेवढंच म्हणायचे, उसिरु, उसिरु. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, मी लोळलो आणि मॅटचा आवाजच आला नाही. उठलो तर मास्तर हसत होते. नीट पडलेल्या माणसाचा आवाज होत नाही, हे आमच्या वर्गात सगळे सांगतात. ते खरं आहे.

इथं स्पर्धा नसते. तालमीतून आलेल्याला हे पचायला वेळ लागतो. आयकिडोचे जनक मोरिहेई उएशिबा (1883–1969) उंचीनं पाच फुटांहून थोडेच जास्त. 1915 साली होक्काइडो बेटावर त्यांची ताकेदा सोकाकू यांच्याशी गाठ पडली आणि त्यांच्याकडून ते दाइतो-र्यू ही जुनी विद्या शिकले. मनगट पिरगाळणं, कोपर दाबणं, सांध्यावर ताबा मिळवणं यातलं बरंच काही तिथूनच आलंय. पुढं ओमोतो या पंथाच्या सहवासात त्यांचा विचार पालटला, आणि समोरच्याला मोडण्यापेक्षा त्याच्या जोराशी जुळवून घेऊन तो वळवण्याकडं त्यांनी या विद्येचं तोंड फिरवलं. 'आय' म्हणजे जुळणं, 'की' म्हणजे प्राणशक्ती, 'दो' म्हणजे मार्ग. आयकिडो हे नाव पक्कं झालं 1942 मध्ये. त्याच साली ते तोकियो सोडून इवामा गावी राहायला गेले आणि शेती करत सराव करू लागले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला ही गोष्ट फार जवळची वाटते. त्यांचे शिष्य तोमिकी यांनी पुढं स्पर्धा असलेली शाखा काढली. आमची आयकिकाय, म्हणजे उएशिबांच्या मूळ संस्थेच्या पद्धतीची, तिथं फक्त क्यू (सुरुवातीच्या पायऱ्या) आणि दान (काळ्या पट्ट्याच्या पायऱ्या) यांच्या परीक्षा असतात.

प्रत्यक्षात होतं असं: सेन्सेई, म्हणजे आमचे शिकवणारे, डाव दाखवतात, मग जोड्या. चार वेळा मी पाडायचं, चार वेळा जोडीदारानं. पाडणारा नागे, पडणारा उके. उकेनं धरायचं ते खरं धरायचं, उगाच लटकं धरलं तर डाव शिकताच येत नाही. चार झाले की अदलाबदल. आठ वेळांत कोण जिंकलं हा प्रश्नच उरत नाही. ज्याला आत्ता पाडलं, त्याच्याच हातात पुढच्या क्षणी आपलं मनगट द्यायचं असतं, मग हात आपसूक जपून चालतो.

पण शांत म्हणजे मऊ, असं समजून कुणी येऊ नका. निक्यो नावाची मनगटाची पकड लागली की गुडघे आपोआप जमिनीवर येतात. दुखलं की मॅटवर दोनदा थाप मारायची आणि समोरच्यानं त्या क्षणी सोडायचं, हा नियम. ऑक्टोबरमध्ये एका दांडग्या नवख्या मुलानं थाप ऐकूनही सोडलं नाही. मनगट सुजलं, तीन आठवडे चकची चावी आवळता येईना. मला त्याचा राग आला होता, आणि अजूनही वाटतं की सेन्सेईंनी त्याला माझ्याबरोबर इतक्या लवकर लावायला नको होतं. शिहोनागे या डावातही सावध राहा. हात खांद्यामागं दुमडून पाडतात, त्यात डोकं मागं आपटायचा धोका असतो. उकेमी पक्की होईपर्यंत कुणी जोरात करायला लागलं तर सरळ नाही म्हणा.

सगळ्या वयांना जमतं का? जमतं, पण सारखंच नाही. आमच्यात आठ वर्षांच्या पोरांपासून मास्तरांपर्यंत सगळे आहेत. मुलांना सांध्यांच्या जोरकस पकडी शिकवत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. त्यांचं लोळणं, सरकणं, वळणं चालतं. माझी मुलगी घरात 'इच, नी, सान, शी' मोजत तेनकानच्या गिरक्या घेते. गुडघे दुखणाऱ्यांना सेइझात बसणं आणि शिक्को, म्हणजे गुडघ्यांवर चालणं, त्रासाचं होतं. मास्तर ते करतच नाहीत, उभ्यानं करता येईल तेवढंच करतात. शाहापूरच्या एक काकू डॉक्टरांना विचारून आल्या आणि आता मागची उकेमी माझ्यापेक्षा सुबक करतात.

स्वसंरक्षणासाठी म्हणून येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगतो: दहा महिन्यांत रस्त्यावरच्या मारामारीची तयारी होत नाही. जोडीदार साथ देतो म्हणून डाव लागतात, आणि चाकू निघाला तर पळावं. मला मिळालं ते वेगळं. खांदा मोकळा झाला, कामाची पाळी संपल्यावर मान धरत नाही, आणि कुणी अंगावर धावून आलं तर आधी बाजूला सरायचं सुचतं.

वर्ग निवडताना आधी बसून एक तास बघा. सेन्सेईंची दान कुणी दिली ते विचारा, लाजू नका. मॅट दाबून बघा. आमच्या हॉलमधले पातळ आहेत आणि बेळगावच्या पावसाळ्यात त्यांना ओल धरते, ही माझी जुनी तक्रार.

फेब्रुवारीत आबांना एकदा घेऊन गेलो. खुर्चीवर बसून तासभर काही बोलले नाहीत. सेन्सेई इरिमीनागे दाखवत होते, समोरच्याच्या वाराच्या आत शिरून त्याच्या पाठीमागं जायचं. आबा पुढं झुकले आणि माझ्या मुलीला म्हणाले, "त्याचं पाय बघ. ढाक मारताना आत शिरतोय तसंच हाय की." परत येताना उद्यमबागेपर्यंत मला पायांबद्दलच विचारत होते.

परवा पाचव्या क्यूची परीक्षा आहे. रविवारी ऊन असलं तर मॅट वाळत घालायचे आहेत, आबा येतो म्हणालेत.