ग्रॅन टुरिझ्मो ७ की असेटो कोर्सा? गावातून खेळणाऱ्यासाठी

ग्रॅन टुरिझ्मो ७ आणि असेटो कोर्सा हे दोन्ही गाड्यांच्या शर्यतीचे गेम. त्यातल्या कोणत्या गेममधली गाडी जास्त खरी, यावर पोट्टे रात्र-रात्र भांडतात. भांडू द्या. टायर घसरायला लागल्यावर स्टिअरिंगमध्ये जे जाणवतं त्यात असेटो कोर्सा थोडा पुढे आहे आणि गाड्यांचं रूप, पाऊस, संध्याकाळचा उजेड यांत ग्रॅन टुरिझ्मो ७ बराच पुढे आहे. एवढं दोन्हीकडचे लोक मान्य करतात. दारव्हा, रिसोड, सिंदेवाहीच्या बाजूच्या एखाद्या गावात बसून यातला एक निवडायचा असला, तर टायरच्या आधी गावठाण फीडर (गावाला वीज देणारी लाइन) आणि मोबाइलचा टॉवर पाहावा लागतो.

पीएस४ (प्लेस्टेशन ४) वरचा असेटो कोर्सा या तुलनेत धरलेला नाही. त्यात मॉड (खेळाडूंनी बनवलेल्या जादा गाड्या, ट्रॅक, सुधारणा) चालत नाहीत आणि मॉडशिवाय हा गेम अर्धाच आहे. म्हणजे सामना प्लेस्टेशनवरचा ग्रॅन टुरिझ्मो ७ (मार्च २०२२) विरुद्ध कॉम्प्युटरवरचा असेटो कोर्सा (डिसेंबर २०१४) असा आहे. वयात सात वर्षांचं अंतर आहे आणि ते पडद्यावर दिसतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

आधी ग्रॅन टुरिझ्मोचं श्रेय. शिकवण्याच्या बाबतीत त्याच्या जवळपास दुसरा गेम नाही. नॅशनल बी पासून सुपरपर्यंतच्या लायसन्स परीक्षांत बहुतेक ठिकाणी एकच वळण किंवा ट्रॅकचा छोटा तुकडा दिलेला असतो. सरळ रेषेत ब्रेक, ब्रेक हळूहळू सोडत वळायला सुरुवात, आतल्या कडेला टेकून मग अ‍ॅक्सिलरेटर, हा क्रम अंगात बसेपर्यंत तोच तुकडा पुन्हा पुन्हा मारता येतो. ब्राँझ सगळ्यांना मिळतं. गोल्डसाठी मात्र ब्रेक नेमका कुठे दाबायचा हे कळावंच लागतं. स्विफ्ट स्पोर्टसारखी ओळखीची गाडी आहे, जर्मनीतला २०.८३२ किलोमीटरचा नॉर्डश्लाइफ ट्रॅक वेगळे पैसे न देता मिळतो. कंट्रोलरवर खेळणाऱ्यासाठी तर प्रश्नच नाही: पीएस५ च्या कंट्रोलरमध्ये ब्रेकचं बटण बोटाखाली थरथरतं आणि एबीएस (चाक अडकू न देणारा ब्रेक) लागल्याचं हाताला कळतं. असेटो कोर्साला कंट्रोलर लावला की आधी सेटिंगमध्ये शिरून स्टिअरिंग स्पीड, स्पीड सेन्सिटिव्हिटी आणि फिल्टर जुळवावे लागतात. तसं केलं नाही तर मोंझा ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावरसुद्धा गाडी डुलत राहते. स्टिअरिंग घ्यायचं बजेट नसेल आणि लवकर जमणारही नसेल, तर खुशाल ग्रॅन टुरिझ्मो घ्या.

असेटो कोर्साच्या उणिवा आणखी आहेत. करिअर मोड नावापुरता आहे. एआयच्या (गेम स्वतः चालवतो त्या) गाड्या आपली चाकोरी सोडत नाहीत. तुम्ही आत शिरलात तरी त्यांना दिसत नाही आणि मग धडक ठरलेली. ग्रॅन टुरिझ्मोमधला सोफी नावाचा एआय जागा देतो, अडवतो, चुकतोसुद्धा, पण तो फक्त पीएस५ वर आहे. पीएस४ वाल्याने त्याची आशा धरू नये.

आता ज्या एका गोष्टीने माझा कल बदलला तिच्याकडे येतो. ग्रॅन टुरिझ्मो ७ ला एकट्याने खेळतानाही इंटरनेट लागतं. जिंकलेल्या गाड्या, क्रेडिट (गेममधले पैसे), लायसन्स हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलं जातं. फसवणूक टाळायला तसं केलं, हे त्यांचं कारण आणि ते खोटं नसावं. पण रेंज नसली की उरतं काय? म्युझिक रॅली (गाण्यावर गाडी पळवायचा छोटा खेळ) आणि मोजक्या गाड्यांवर मिळणारी साधी आर्केड शर्यत. कष्टाने जमवलेलं गॅरेज कुलपात. मार्च २०२२ मध्ये एका अपडेटनंतर सर्व्हर ३० तासांहून जास्त बंद राहिले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंना हे एकदम कळलं. नंतर भरपाई म्हणून १० लाख क्रेडिट वाटले गेले. शहरातला माणूस ती गोष्ट विसरून गेला. आपल्याकडे तोच प्रकार छोट्या मापात नेहमी होतो.

काहून, ते पाहा. लाइन गेली की घरचा इन्व्हर्टर घर सांभाळतो, पण टॉवर स्वतःच्या बॅटरीवर जातो. तासाभरात परत आली तर ठीक. डीपी जळाली किंवा पावसात तार तुटली की टॉवरची बॅटरी उतरते आणि मग घरात उजेड आहे, टीव्ही चालू आहे, कन्सोल चालू आहे, फक्त रेंज नाही. शर्यतीच्या मधे रेंज गेली तर ती शर्यत बहुधा पूर्ण करता येते, पण परत गेमच्या मुख्य नकाशावर येताना सर्व्हर सापडत नाही आणि केलेली मेहनत नोंदली गेली की नाही याचा भरवसा राहत नाही. ल मांस ट्रॅकवरची ३० मिनिटांची शर्यत क्रेडिटसाठी मारणाऱ्याला यातलं दुखणं वेगळं समजवायला नको.

दुसरा पेच अपडेटचा. खेळताना डेटा फारसा जात नाही, दिवसाच्या दीड-दोन जीबीच्या पॅकमध्ये आरामात भागतं. पण नवीन अपडेट आलं की ते टाकल्याशिवाय गेम ऑनलाइन जात नाही आणि ऑनलाइन गेल्याशिवाय गॅरेज उघडत नाही. अपडेट कधी लहान असतं, कधी कित्येक जीबीचं, आणि ते वरचेवर येतं. पीएस४ वर आणखी एक त्रास आहे: डाउनलोड झाल्यावर ‘कॉपी’ सुरू होते. त्यासाठी हार्डडिस्कवर जवळजवळ गेमच्याच मापाची मोकळी जागा लागते आणि वेळही भरपूर जातो. गेम १०० जीबीहून मोठा आहे, म्हणजे ५०० जीबीच्या जुन्या पीएस४ वर दुसरं फारसं काही ठेवायची सोय उरत नाही. डिस्क घेतली तरी हे सुटत नाही, कारण डिस्कवर त्या दिवशीचा गेम असतो, आजचा नसतो.

असेटो कोर्सा इथे निवांत आहे. स्टीमवर (जिथून हा गेम घेऊन उतरवतात ते सॉफ्टवेअर) एकदा लॉगिन करून गेम एकदा चालवून पाहायचा, मग स्टीमच्या मेनूतून ‘गो ऑफलाइन’ करायचं. फक्त हे नेट असतानाच करून ठेवायचं, लाइन गेल्यावर आठवून उपयोग नाही. गेम उतरवायलाही गावाचं नेट लागत नाही. नागपूर-अमरावतीत कोणाकडे चांगलं नेट असेल तर आपल्या खात्याने तिथे उतरवून ‘स्टीमअ‍ॅप्स’च्या ‘कॉमन’मधलं पूर्ण फोल्डर पेनड्राइव्हवर आणायचं, आपल्या मशीनवर त्याच जागी ठेवायचं आणि स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं. आहेत त्या फाइली तो तपासून घेतो, उरलेलं थोडंच उतरवतो. पेनड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस फॉरमॅटचा हवा, फॅट३२ वर ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही. कंटेंट मॅनेजर (गेम आणि मॉड सांभाळायचा प्रोग्राम) आणि कस्टम शेडर्स पॅच (गेमचं चित्र सुधारणारा) हे दोन मॉडही तसेच आणता येतात. ट्रॅक आणि गाड्यांच्या झिप फाइली कंटेंट मॅनेजरच्या खिडकीत ओढून सोडल्या की काम झालं. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झालं, तोही मॉड म्हणून सापडतो. मॉडचा दर्जा मात्र सारखा नसतो. फुकटातल्या गाड्यांत काही नुसत्या दिसायला चांगल्या असतात, चालवल्या की लाकडी लागतात. सुरुवातीला गेम बनवणाऱ्या कुनोसच्याच गाड्या चालवा. माझदा एमएक्स-५ किंवा जीटी८६ घेऊन ब्रँड्स हॅचचा छोटा इंडी ट्रॅक पुरे आहे.

मशीनसाठी फार मोठा खर्च करू नये. ऑफिसमधून निघालेला आय५ चा जुना कॉम्प्युटर, ८ जीबी रॅम, एसएसडी आणि जीटीएक्स १०५० टीआय किंवा १६५० ग्राफिक्स कार्ड एवढ्यात कोर्सा १०८०पी वर नीट चालतो. ही कार्डं ७५ वॅटची आहेत. ज्यांना वेगळी पॉवरची वायर लागत नाही असं मॉडेल निवडलं तर ऑफिस मशीनचा मूळ एसएमपीएस (आतला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागत नाही. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड ‘लो प्रोफाइल’ हवं, हे दुकानदार विचारल्याशिवाय सांगत नाही.

विजेचा हिशेब कन्सोलच्या बाजूने आहे, हे कबूल. पीएस४ स्लिम खेळताना साधारण १०० वॅटच्या आत राहतो, वर सांगितलेला कॉम्प्युटर मॉनिटरसह २०० च्या आसपास जातो आणि पीएस५ एकटाच २०० घेतो. १५० अ‍ॅम्पिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर असते, पण हाताला हजार-बाराशेच लागतात. पंखे-दिवे धरले तर कॉम्प्युटरवर तीन-चार तास, बॅटरी जुनी असेल तर त्याहून कमी.

खरी गोम इन्व्हर्टरच्या मागच्या बटणात आहे. त्यावर ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ अशा दोन जागा असतात. नॉर्मलवर लाइन गेली की बदल व्हायला क्षणभर जास्त लागतो आणि तेवढ्यात कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो, म्हणून यूपीएसवर ठेवावं लागतं. पण यूपीएस मोड साधारण १८० व्होल्टच्या खाली लाइन घेतच नाही. हरभऱ्या-गव्हाच्या ओलिताच्या दिवसांत पंप सुरू झाले की व्होल्टेज तिथपर्यंत उतरतं. मग लाइट असूनही इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, पुन्हा लाइनवर येतो, आणि दोन-तीन तासांनी खरोखर लाइन जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. यावर इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर लावता येतो. स्वस्त उपाय म्हणजे इन्व्हर्टर नॉर्मलवर ठेवून कॉम्प्युटरपुरता छोटा ६०० व्हीएचा यूपीएस मधे बसवणं. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर काही छोटे यूपीएस त्याची लाइन धरत नाहीत, घेण्याआधी घरी लावून पाहू देईल अशाच दुकानातून घ्या. स्टिअरिंगचा अडॅप्टरही त्याच बोर्डवर हवा. तो साध्या बोर्डवर राहिला तर लाइन जाताच स्टिअरिंग मरतं, लाइन आल्यावर आपोआप दोन्ही बाजूंना पूर्ण फिरतं (अशा वेळी बोटं आत ठेवू नयेत), आणि कोर्सा ते बऱ्याचदा गेम बंद करून उघडल्याशिवाय ओळखत नाही.

उन्हाळ्यात दोन्ही सारखेच त्रासतात. अकोला-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर गेला की पंख्याने गरम हवाच आत जाते. कॉम्प्युटरवर फ्रेमची मर्यादा ६० ला बांधली तर कार्ड बरंच थंड राहतं. कन्सोलवर असं काही करता येत नाही. कूलरची हवा थेट मशीनवर घेऊ नये, तिच्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात आणि बोर्डवर क्षार बसतो. सोयाबीनची मळणी आणि तुरीचं थ्रेशर चालू असताना धूळ पॅडलमध्ये शिरते. लॉजिटेकच्या जी-२९ सारख्या स्टिअरिंगच्या पॅडलमध्ये पोटेन्शिओमीटर (पॅडल किती दाबलं ते मोजणारे भाग) असतात. ते मळले की पाय न लावता ब्रेक लागतो किंवा अ‍ॅक्सिलरेटर ९० टक्क्यांवर अडकतो. पॅडल उघडून कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा, दहा-वीस वेळा दाबून घ्यायचं, बहुतेक वेळा भागतं.

कोर्सात स्टिअरिंग जुळवणं हा एक संध्याकाळभराचा कंटाळा आहे, तेवढा सोसावा. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये ९०० डिग्री, सेंटरिंग स्प्रिंग बंद. गेममध्ये पॅडलचं छोटं अ‍ॅप उघडून फोर्स फीडबॅकची (स्टिअरिंगमधून हाताला येणाऱ्या जोराची) पट्टी पाहायची. लांब वळणात ती सतत लाल राहत असेल तर गेन (त्या जोराचं माप) कमी करायचा, नाहीतर जोराच्या वळणात सगळंच सारखं जड लागतं आणि टायर सुटल्याचं कळत नाही. गिअरवाल्या स्टिअरिंगला मधोमध मेलेली जागा असते, तिच्यासाठी मिनिमम फोर्स १० टक्क्यांच्या आसपास पाहावा. कर्ब (ट्रॅकच्या कडेचा उंचवटा) आणि रोडचे वरून घातलेले इफेक्ट शून्यावर. ब्रेकखालचं रबर कडक आहे, प्लास्टिकची खुर्ची मागे सरकते. खुर्ची भिंतीला टेकवा आणि पॅडलच्या मागे लाकडी पट्टी ठोका. सगळं जमलं की कंटेंट मॅनेजरमध्ये प्रीसेट सेव्ह करून ठेवा. मधेच लाइन जाऊन सेटिंगची फाइल बिघडली तर ही संध्याकाळ परत द्यावी लागत नाही.

तालुक्याच्या गावी फायबर असेल तर माझं म्हणणं थोडं सैल होतं. घरच्या राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की तो चालू राहतो. फक्त केबलवाल्याच्या खांबावरच्या डब्यातला स्विच कशावर चालतो हे आधी विचारून घ्या. त्याला बॅकअप नसेल तर तुमच्या राउटरचे दिवे लागून उपयोग नाही. त्याला बॅकअप असेल आणि घरात पीएस५ आधीच असेल, तर ग्रॅन टुरिझ्मो घेणाऱ्याला मी अडवणार नाही. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल तर मात्र कोर्साच बरा, असं मला वाटतं.

दोन्हींत मन अडकलं असेल तर स्टिअरिंग जी-२९ घ्या, ते प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटर दोन्हींवर चालतं. जुन्या बाजारात जी-९२० बऱ्याचदा त्याच्यापेक्षा स्वस्त मिळतं, दिसायला जवळजवळ तसंच, पण ते एक्सबॉक्सचं आहे आणि प्लेस्टेशनला लागत नाही. खोका नसेल तर बटणांवर त्रिकोण-चौकोनाच्या खुणा आहेत का ते पाहा, आणि पैसे देण्याआधी अडॅप्टर लावून ते दोन्ही बाजूंना न अडखळता पूर्ण फिरतं का तेही पाहून घ्या.