एवढी गाडी, आणि साधं पेट्रोल?

"साहेब, एवढी गाडी घेतलीसा आणि साधं घालताय व्हय?"

आमच्या कोल्हापुरात नेहमीच्या पंपावरच्या पोरानं हे पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी उगाच ओशाळलो. दुसऱ्या खेपेला त्यानं विचारलंच नाही, थेट ९५ ऑक्टेनच्या महागड्या पेट्रोलची नळी लावून मोकळा झाला. मी मोबाइलमध्ये होतो. मान वर केली तोवर पंचवीस लिटर आत गेलं होतं. लिटरला सात रुपये जादा. भांडलो, पण घातलेलं पेट्रोल कोण परत काढणार? घरी येऊन ठरवलं की याचा एकदा सोक्षमोक्ष लावायचा.

गाडी २०२० ची बीएमडब्ल्यू ३३०आय, सेकंडहँड. दोन लिटरचं टर्बो इंजिन, २५८ हॉर्सपॉवर. बाहेरून साहेबाची, हप्ते माझे. माझा धंदा बांधकामाच्या साहित्याचा, त्यामुळे दर आणि माल यांचा मेळ बसला नाही की मला झोप लागत नाही.

आधी गाडीचं पुस्तक काढलं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लॅस्टिकमध्ये तसंच होतं, आधीच्या मालकानंही उघडलं नसावं. त्यात लिहिलंय, शिफारस ९५ ऑक्टेनची, किमान ९१. म्हणजे ९१ घातलं म्हणून इंजिन बसत नाही, पण कंपनीची पसंती ९५ ला.

ऑक्टेन म्हणजे ताकद, हा आपल्याकडचा जुना गैरसमज. पंपावरच्या पोराचाच नाही, माझ्या मेहुण्याचाही, आणि तो इंजिनिअर आहे. ठिणगीची आग पोचायच्या आधीच पेट्रोल नुसत्या दाबानं आणि उष्णतेनं पेटू नये, यासाठी ते किती तग धरतं त्याचा तो आकडा. टर्बो इंजिनात दाब जास्त, म्हणून त्याला तग धरणारं पेट्रोल लागतं. कमी ऑक्टेनचं मिळालं तर आजच्या गाड्यांतला नॉक सेन्सर असं अवेळी पेटण्याचा ठोका ओळखतो आणि ठिणगीचं टायमिंग मागे घेतो. इंजिन वाचतं, दम थोडा कमी होतो. उलट ज्या इंजिनाला ९१ पुरतं त्यात ९५ घातलं तर फक्त पंपवाल्याचं भलं.

इथवर सगळं पोराच्या बाजूनं होतं. पण मधे आमचा ऊस आडवा आला. काकांचा ऊस कारखान्याला जातो, तिथून इथेनॉल होऊन तो माझ्या टाकीत येतो. साध्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलचा ऑक्टेन मुळातच चढा. २०२५ मध्ये सरकारनंच सांगितलं की या मिश्रणामुळे साध्या पेट्रोलचा आकडा ९५ पर्यंत गेलाय. मग ते सात रुपये कशाचे? मुख्यतः इंजिन साफ ठेवणाऱ्या रसायनांचे. तेही काही वाईट नाही, पण पोरानं मला ते सांगितलं नव्हतं. आणि ९५ घेतलं की इथेनॉल टळतं असं समजणारे दोघे तर माझ्या मॉर्निंग वॉकच्या कट्ट्यावरच आहेत. टळत नाही, त्यातही ते असतंच.

मग परीक्षा. मी स्वतः भरलं असतं तर मनानं आधीच निकाल लावला असता, म्हणून ते काम बायकोकडे दिलं. टाकी रिकामी होत आली की ती पंपावर जायची, दोन्हींपैकी मनाला येईल ते भरायची आणि पावती पर्समध्ये टाकायची. मी टाकी संपेपर्यंत चालवून वहीत अंदाज लिहायचा. अशा चार टाक्या झाल्या.

तिसऱ्या टाकीवर मे महिन्यात सावंतवाडीहून आंबोली घाट चढलो. चार माणसं, डिकीत आंब्याच्या पेट्या, एसी पूर्ण सोडलेला. गाडी अशी काही चढली की वळणावर मी म्हणालो, "बघ, हे ९५ च. फरक कळतो."

ती काही बोलली नाही. वर धबधब्यापाशी चहाला थांबलो तेव्हा पर्समधून पावती काढून टेबलावर ठेवली.

"साधं आहे, अहो."

मागच्या सीटवर सासूबाई खिडकीतून बाहेर बघत हसत होत्या, ते मला आरशात दिसलं होतं तेव्हाच संशय यायला हवा होता. चार टाक्यांत माझे दोन अंदाज बरोबर, दोन चूक. छापा-काटा केला असता तरी एवढंच जमलं असतं. मायलेज गावातलं-बाहेरचं मिळून साध्यावर सरासरी ११, ९५ वर ११.२. म्हणजे फायदा दोन टक्क्यांचाही नाही आणि पैसे साडेसहा टक्के जादा. सासूबाईंनी हा हिशेब न मांडताच ओळखला होता.

१०० ऑक्टेनचंही एकदा करून पाहिलं. इंडियन ऑइलनं हे एक्सपी १०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणलं, त्यात पुणं होतं. कामानिमित्त पुण्यात पोचलो तेव्हा टाकी जवळजवळ कोरडी होती, म्हणून मुहूर्त साधला. दर लिटरला १६० च्या घरात. यात इथेनॉल नसतं, आणि तीच त्याची खरी गोष्ट आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे त्याच्याविना मायलेज वाढायलाच हवं. वाढलंही. कोल्हापुरात येऊन पुन्हा टाकी फुल केली तर २३० किलोमीटरला साडेपंधरा लिटर लागलेलं. एरवी याच रस्त्याला साडेसोळा लागतं. एक लिटर वाचलं आणि त्यासाठी साडेसातशे रुपये जादा गेले. एकाच फेरीवर फार विसंबू नये हेही खरं, साताऱ्याच्या अलीकडे त्या दिवशी रस्ता नेहमीपेक्षा मोकळा होता.

घाटात किंवा ओव्हरटेक करताना १०० मुळे गाडी वेगळी पळाली का? मला तरी नाही वाटलं. पुस्तकात शिफारसच ९५ ची आहे. ज्यांनी इंजिनाचं ट्यूनिंग करून घेतलंय त्यांची गोष्ट वेगळी. मेहुण्याची जुनी बुलेट वर्षातले आठ महिने गोठ्यात झाकून असते, तिला मात्र मी हेच घालायला सांगितलंय. इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि जुन्या कार्ब्युरेटरला ते सोसत नाही. वर्षातून दोनदा टाकी भरायची. परवडतं.

माझ्या गाडीत आता साधंच. तीन-चार टाक्यांनंतर एखादी ९५ ची, त्या साफसफाईच्या रसायनापुरती, आणि ती सुद्धा गोव्याला गेलो की तिकडे भरतो. तिथं पेट्रोल आपल्यापेक्षा स्वस्त पडतं.

परवा पोरानं पुन्हा नळी उचलली. मी आधीच खाली उतरून उभा होतो.

"साधं. आणि शून्य दाखव आधी."